फ्लोरा फाउंटन ते हुतात्मा चौक

खरडहून चंदीगडला नोकरीसाठी रोज ये-जा करणारी जी हजारो माणसे आहेत, त्यांपैकी प्रस्तुत लेखक एक. सकाळी पंजाबातून निघावे, मोहालीची वस्ती ओलांडावी आणि ज्या शहरात पोचावे ते पंजाबची राजधानी खरे, पण पंजाबात नाही. हरियाणाचीही राजधानी, पण हरियाणातही नाही! सवयीने या गोष्टीचे नवल वाटेनासे होते. तथापि दरवर्षी १ मे रोजी आपल्या मंडळात महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होतो, मुलेबाळे नटूनथटून येतात, भाषणे होतात, त्या वेळी एक विचार हटकून मनात येतो. मुंबईचेही असेच व्हायचे होते. केवळ तसे घाटत होते असे नव्हे, तर जानेवारी १९५६ मध्ये तसे जाहीरही झाले होते. ते का झाले नाही, याचे उत्तर मुंबईच्या कोट विभागातील एका चौकात दगडाच्या रूपाने उभे आहे. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आपल्या मंडळातील जी मुले येथेच जन्मली आणि येथेच वाढली, त्यांच्यासाठी त्या चौकाचा वृत्तान्त सांगावा असे ठरविले.

मुंबईला कोट म्हणतात तो भाग एके काळी खरोखरीच तटबंदीच्या आत होता. इंग्रजांच्या त्या तटाला तीन प्रमुख दरवाजे होते: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्चगेट. १७१८ साली उघडलेल्या सेंट टॉमसच्या चर्चकडे जाणारा म्हणून तो चर्चगेट. आजचे चर्चगेट स्थानक त्या दरवाजाचे नाव तेवढे घेऊन पश्चिमेला जाऊन बसले आहे. मूळ दरवाजा होता तो आज ज्या ठिकाणी हुतात्मा चौक आहे त्याच्या आसपास. तटाबाहेर मोकळे मैदान होते. शत्रू आला तर तोफांच्या माऱ्यास आडोसा राहू नये म्हणून ते मुद्दाम मोकळे ठेविलेले होते.

सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांच्या कारकीर्दीत हा तट पाडण्यात आला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा वाहत होता. तो पैसा ओसरल्यावर किती घरे बुडाली ही कथा वेगळी. परंतु शहराचे रूप मात्र त्या चार-पाच वर्षांत पालटले. दरवाजा गेला आणि त्या जागी १८६४ मध्ये एक कारंजे बांधण्यात आले.

हे कारंजे खरे म्हणजे तेथे यायचेच नव्हते. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेने ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी योजिले होते. एकंदर खर्च ४७,००० रुपये. त्यांपैकी २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, मूर्तिकाम जेम्स फोर्साइथ यांचे आणि दगड इंग्लंडातील पोर्टलंडचा. माथ्यावर फ्लोरा ही रोमन लोकांची पुष्पदेवता उभी केलेली. फ्रिअरसाहेबांचे नाव द्यावयाचे घाटत होते, ते मागे पडले आणि देवतेचेच नाव चालू झाले. मुंबईच्या कष्टकरी माणसाने त्यातील फ्लोरालाही रजा दिली आणि नुसते ‘फाउंटन’ एवढेच ठेविले. १८७४ साली घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या, मग विजेच्या ट्राम आल्या, बँका आल्या, तारघर आले. फाउंटन म्हणजे कचेऱ्यांचे शहर, आणि गिरणगाव म्हणजे घामाचे शहर. लालबाग-परळचा माणूस फाउंटनला फारसा येत नसे. त्याचे तेथे काम काय? तो मोठ्या संख्येने तेथे आला तो २१ नोव्हेंबर १९५५ रोजी.

त्या दिवसाकडे वळण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही मागणी १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात ठरावाच्या रूपाने पुढे आली. संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते. त्याच वर्षी शंकरराव देव यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर दार आयोग झाला, नेहरू, वल्लभभाई आणि पट्टाभी यांची समिती झाली. दोहोंचाही कल भाषावार राज्ये नकोत किंवा लांबणीवर टाकावीत असा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये दार आयोगापुढे निवेदन ठेवून मुंबई महाराष्ट्राचीच असल्याची मांडणी केली होती. ती आजही वाचावी अशी आहे. १९५२ च्या डिसेंबरात पोट्टी श्रीरामुलू उपोषणात मरण पावले, आंध्र राज्य झाले आणि मग फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला.

ऑक्टोबर १९५५ मध्ये या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशात बहुतेक ठिकाणी भाषावार राज्ये सुचविणाऱ्या आयोगाने दोन ठिकाणी हात आखडता घेतला. एक मुंबई, दुसरे पंजाब. मुंबईसाठी गुजरातसह द्वैभाषिक राज्य आणि विदर्भ वेगळा. पंजाबी सुभ्याची मागणी तर सर्वस्वी अमान्य. आपण येथे राहणाऱ्यांनी हा योगायोग विसरू नये. महाराष्ट्र आणि पंजाब हे त्या अहवालाचे दोन नाराज वाचक होते.

अहवालावर दोन्ही बाजू असंतुष्ट, म्हणून नोव्हेंबरात काँग्रेस कार्यकारिणीने तोडगा काढला तो तीन राज्यांचा: महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहराचे स्वतंत्र राज्य. युक्तिवाद असा की मुंबई बहुभाषी आहे. १९५१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी भाषक निम्म्याहून कमी भरले, हे खरेच होते. परंतु कोणत्या बंदरात, कोणत्या राजधानीत असे होत नाही? आणि ज्यांच्या घामावर गिरण्या चालत होत्या ते कोकणातून, घाटावरून आलेले मराठी मजूर या हिशेबात केवळ एका रकान्यातील आकडा ठरत होते. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला रकान्यांविषयी आदर असतो. पण रकान्यात काय मावत नाही, हेही त्यालाच अधिक ठाऊक असते.

२० नोव्हेंबरला, रविवारी, चौपाटीवर काँग्रेसची सभा झाली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे स. का. पाटील तेथे बोलले. काँग्रेस जिवंत आहे तोवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, पाच हजार वर्षांतही मिळणार नाही, अशा आशयाची ती भाषणे होती. सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, विधानसभेत त्रिराज्य योजना यावयाची होती आणि कामगार संघटनांनी संप पुकारला होता. गिरण्या बंद पडल्या. माणसांचे लोंढे विधानसभेकडे निघाले. विधानसभा तेव्हा काळ्या घोड्यापलीकडील जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे आणि तिकडे जाण्याची वाट फाउंटनवरून होती. जमावबंदीचा हुकूम जारी होता. पोलिसांनी लोकांना फाउंटनपाशी अडविले. आधी लाठ्या, मग अश्रुधूर, मग गोळीबार. पंधरा माणसे मेली.

माझे मामा त्या दिवशी तेथे होते. त्यांचे वय तेव्हा अठरा. लालबागच्या चाळीत गावच्या सहा-सात जणांबरोबर एका खोलीत राहत आणि गिरणीत बदली कामगार म्हणून जात. ते राजकारणातले नव्हते. सगळे निघाले म्हणून तेही निघाले. तारघराच्या बाजूला असताना त्यांनी गोळीचा आवाज ऐकला आणि तो फटाक्यासारखा वाटला असे ते सांगत. पळताना एक चप्पल गेली. एका पायाने अनवाणी ते लालबागला पोचले, तेव्हा रात्र झाली होती. खोलीतील एक जण परतला नाही. त्याचे नाव मामांनी आम्हांला कधीही सांगितले नाही. त्याच्या गावी निरोप घेऊन जाण्याचे काम मात्र त्यांच्याकडेच आले होते, एवढे आजीकडून कळले.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी नभोवाणीवरून निर्णय जाहीर केला: मुंबई केंद्राच्या कारभाराखाली राहील. त्यानंतरचा आठवडा मुंबईने पाहिला तसा तिने पुन्हा पाहू नये. गिरगाव, लालबाग, परळ, ठाकुरद्वार, जिकडे तिकडे गोळीबार आणि संचारबंदी. लुटालूटही झाली, निरपराध गुजराती दुकानदारांना त्रास झाला, हे आपण मराठी माणसांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण गोळ्या चालल्या त्या बहुतांशी निःशस्त्रांवर. दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, बेळगावातही गोळीबार होऊन माणसे पडली. या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या प्रथम १०५ सांगितली जाई. पुढे १०६ हा आकडा रूढ झाला.

त्या १०६ नावांची यादी एकदा सावकाश वाचावी. सीताराम बनाजी पवार, धर्माजी गंगाराम नागवेकर, भास्कर नारायण कामतेकर अशी नावे तिच्यात आहेत, आणि तिच्यातच जोसेफ डेव्हिड पेजारकर, चिमणलाल शेठ, के. जे. झेवियर, पी. एस. जॉन, वेदीसिंग अशीही नावे आहेत. यांपैकी कोण मोर्चात होता आणि कोण केवळ रस्त्याने चालला होता, हे यादी सांगत नाही. मुंबई बहुभाषी आहे म्हणून ती महाराष्ट्राची नव्हे, असे म्हणणाऱ्यांना या यादीइतके स्वच्छ उत्तर कोणत्याही भाषणात सापडणार नाही.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट, उद्धवराव पाटील. एरवी एका सतरंजीवर न बसणारी ही माणसे एकत्र आली. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने चाळी जाग्या ठेविल्या. पण आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांना त्या काळातील एका वेगळ्याच घटनेचे अप्रूप वाटते. चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री होते. आय. सी. एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, शिस्तीचा आणि संयमाचा पुतळा. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेल्याबद्दल लोकसभेत उघडपणे बोलले. ज्याची हयात फाइलीवर मोजके शब्द लिहिण्यात गेली, त्याने असे बोलावे याचे वजन मोर्चापेक्षा कमी नव्हते. ज्या रिझर्व्ह बँकेचे ते गव्हर्नर होते, तिची कचेरी फाउंटनपासून थोड्याच अंतरावर आहे. आणि ती ज्या रस्त्यावर आहे त्याला शहीद भगतसिंगांचे नाव आहे.

देशमुख गेले आणि पंधरवड्यातच त्रिराज्य योजना मागे पडून संसदेने मोठे द्वैभाषिक स्वीकारले. १ नोव्हेंबर १९५६ पासून कच्छपासून चांद्यापर्यंत एक अवाढव्य मुंबई राज्य अस्तित्वात आले, यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. यातून मुंबई केंद्रशासित होण्याचे तेवढे टळले. गुजरातचे समाधान झाले नाहीच. ८ ऑगस्टला अहमदाबादेत गोळीबार झाला, इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात चळवळ उभी राहिली, आणि तेथेही हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यासाठी लोकांना सत्याग्रह करावा लागला. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास आले, तेव्हा वाटेवर हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे होते. अखेर दिल्लीचे मन वळले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

राज्य झाल्यावर फाउंटनच्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले आणि कारंज्याशेजारी स्मारक उभे राहिले. एक शेतकरी, एक कामगार आणि दोघांच्या हाती उंच धरलेली मशाल. एका मोठ्या पुढाऱ्याचा पुतळा तेथे बसविण्याचा मोह टाळला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तितकीच मोलाची दुसरी गोष्ट ही की फ्लोराला कोणी हलविले नाही. इंग्रजांचे कारंजे काढून टाका, अशी ओरड झाली असती तर त्या दिवसांत ती सहज खपली असती. आज दोन्ही शेजारी उभी आहेत: पारशाच्या देणगीतून आलेली रोमन देवी आणि मशाल धरलेले आपले दोघे जण. कारंजे मध्यंतरी कोरडे पडले होते; दुरुस्ती होऊन २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा वाहू लागले. त्या कामात जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले. ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला बंद झाली होती.

मी तो चौक प्रथम पाहिला तो नोकरीच्या परीक्षेसाठी मुंबईस गेलो तेव्हा. मामांकडे उतरलो होतो. फाउंटनच्या पदपथावर तेव्हा जुन्या पुस्तकांचे ढीग मांडलेले असत (२००५ मध्ये ते विक्रेते हटविण्यात आले). परीक्षेचे पुस्तक तेथे स्वस्तात मिळेल म्हणून मामा मला घेऊन गेले. बसमध्ये त्यांनी तिकीट मागितले ते ‘फाउंटन’ असेच. उतरल्यावर पुस्तकांकडे न जाता ते स्मारकाकडे वळले. भर दुपारी, भर रहदारीत, त्यांनी पायांतील चपला काढल्या आणि डांबरी रस्त्यावर दोन मिनिटे उभे राहिले. हात जोडले नाहीत, मान लवविली नाही, नुसते उभे राहिले. मग चपला घातल्या आणि म्हणाले, “चल, पुस्तक बघू.” त्या वेळी मला थोडी लाज वाटली होती, हे कबूल करतो. लोक बघत होते.

मामा आता नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबईची भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि तिच्यात ‘हुतात्मा चौक’ असे स्थानक झाले. त्याच मार्गावर ‘आचार्य अत्रे चौक’ही आहे. फाउंटन म्हणणारी पिढी जाईल आणि गाडीतील आवाज जे नाव उच्चारील तेच पुढच्या मुलांच्या तोंडी बसेल.

आता आपल्या खरडकडे येतो. चंदीगड वसले ते मुख्यतः त्या वेळच्या अंबाला जिल्ह्यातील खरड तहसिलीच्या जमिनीवर. लाहोर गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी तिचे उद्घाटन केले. १९६६ मध्ये पंजाबी सुभा मान्य झाला, तेव्हा सीमा ठरविण्यासाठी न्यायमूर्ती शाह, सुबिमल दत्त आणि फिलिप यांचा आयोग नेमला गेला. त्यातील दोघांनी १९६१ च्या जनगणनेतील मातृभाषेच्या आकड्यांवरून शिफारस केली की चंदीगडसह संपूर्ण खरड तहसील हरियाणाला द्यावी. दत्त यांनी वेगळे मत नोंदविले. पुन्हा तोच रकाना! पंजाबातील त्या आकड्यांविषयी किती वाद होते, हे यावरून समजावे की १९५१ साली तर तेथे हिंदी आणि पंजाबी वेगळ्या मोजल्याच नव्हत्या. शेवटी सरकारने खरड पंजाबात ठेविले आणि चंदीगड केंद्राकडे घेतले. तारीख होती १ नोव्हेंबर १९६६. मुंबईच्या द्वैभाषिकाला बरोबर दहा वर्षे झाली होती.

ती व्यवस्था तात्पुरती समजली गेली होती. १९६९ मध्ये चंदीगडसाठी दर्शनसिंग फेरुमान हे वृद्ध स्वातंत्र्यसैनिक १५ ऑगस्टला उपोषणास बसले आणि २७ ऑक्टोबरला, चौऱ्याहत्तराव्या दिवशी, मरण पावले. जानेवारी १९७० मध्ये चंदीगड पंजाबला देण्याचा निर्णय जाहीर झाला. जुलै १९८५ च्या राजीव-लोंगोवाल करारात तर २६ जानेवारी १९८६ ही तारीखही लिहिली गेली. ती तारीख आली आणि गेली. शहर उत्तम आहे, रस्ते रुंद आहेत, झाडी दाट आहे. येथे नोकरी करणाऱ्याने तक्रार करावी असे काही नाही. परंतु केंद्राकडे एकदा गेलेले शहर परत येणे किती कठीण असते, हे येथे राहिल्यावाचून मला कळले नसते. मुंबईचा १९५६ मधील निर्णय काही महिन्यांतच फिरला नसता, तो एकदा कायद्यात उतरला असता, तर तो मग कोणी आणि कधी फिरविला असता?

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक सरदारजी राहतात. गेल्या महाराष्ट्र दिनाला मंडळातून परतताना त्यांनी विचारले की तुमचा हा दिवस कशाचा? मी त्यांना जमेल तसे सगळे सांगितले. फाउंटन, मशाल, एकशे सहा माणसे. मुंबईलाही केंद्राखाली ठेवण्याचे ठरले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले, “जाहीर झाल्यापासून शहर मिळेपर्यंत किती काळ गेला?” मी हिशेब केला, जानेवारी छप्पन्न ते मे साठ, चार वर्षे साडेतीन महिने. ते काही बोलले नाहीत. फाटकाला हात लावून उभे राहिले आणि बोटांच्या पेरांवर सहासष्टपासून मोजू लागले.